हाकोनेला मुक्काम हवा

जपानला निघालेल्या मराठी मंडळींच्या सहलीत हाकोने हे नाव बहुधा असतंच, पण ते एका दिवसापुरतं. सकाळी टोकियोहून बस निघते, ढग नसले तर फुजी पर्वत दिसतो, आशी सरोवरात बोटीची फेरी होते, ओवाकुदानीच्या गंधकाच्या वाफा आणि काळ्या कवचाची अंडी बघून होतात, आणि संध्याकाळी बुलेट ट्रेन सगळ्यांना पुन्हा शहरात आणून सोडते. पुष्कळ जपानी माणसं मात्र हाकोनेला जातात ती गरम पाण्याच्या झऱ्यावर, म्हणजे ओनसेनवर, एक रात्र राहायला. आठ-दहा दिवसांच्या सहलीत एवढी एक रात्र आपणही बाजूला काढावी, आणि त्यासाठी एखादं देऊळ, एखादा बाजार किंवा एखादं संग्रहालय गाळावं लागलं तरी गाळावं, असं माझं मत आहे. हा नुसत्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. गरम झऱ्यावरचा आराम शरीराला कसा आणि कोणत्या वेळी मिळतो हे नीट पाहिलं, की धावत्या भेटीत तो हाती लागणं जवळजवळ अशक्य आहे हे पटतं.

आधी जागेची ओळख करून घेऊ. टोकियोच्या नैर्ऋत्येला असलेला हाकोनेचा डोंगराळ मुलूख हा एका जिवंत ज्वालामुखीचा मुलूख आहे. २०१५ मध्ये ओवाकुदानीत छोटा उद्रेक झाला होता आणि २०१९ मध्येही धोक्याची पातळी वाढवून तो भाग काही महिने बंद ठेवावा लागला होता. त्यामुळे निघायच्या दिवशी तिथला रोपवे चालू आहे ना, हे पाहून घ्यावं. याच धगीमुळे इथे थोड्याशा अंतरात निरनिराळ्या गुणांचं पाणी मिळतं. पायथ्याच्या हाकोने-युमोतोला ते स्वच्छ, सौम्य आणि किंचित अल्कधर्मी असतं. वरच्या गोरा परिसरात काही ठिकाणी खारट पाणी आहे. सेंगोकुहाराकडे आणि गोराच्या काही भागांत मिळणारं दुधाळ, आम्लधर्मी, गंधकाचा वास असलेलं पाणी ओवाकुदानीच्या भूगर्भातल्या वाफेवर पाणी सोडून तयार केलं जातं आणि नळांनी निवासांपर्यंत पोचवलं जातं. आपल्याकडच्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या किंवा तुरळ-राजवाडीच्या कुंडांमागे असा ज्वालामुखी नाही. तिथे खडकातल्या भेगांमधून खोल गेलेलं पाणी तापून वर येतं. जपानच्या १९४८ च्या ओनसेन कायद्याला उगमातला हा सगळा फरक चालतो. पाणी जमिनीतून येताना किमान २५ अंश सेल्सिअस हवं, नाहीतर ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी निदान एक पुरेशा प्रमाणात हवा. म्हणजे ओनसेनची पाटी आहे म्हणून पाणी झऱ्यातून थेट टाकीत येतंय असं धरून चालू नये. त्यात साधं पाणी मिसळतात का, ते तापवतात का, गाळून पुन्हा वापरतात का, जंतुनाशक घालतात का, हे लिहून लावणं २००५ पासून सक्तीचं आहे. निवास निवडताना हा तपशील जरूर वाचावा. ताजं पाणी सतत येतंय आणि जुनं काठावरून वाहून जातंय अशी टाकी मिळाली तर खोलीच्या आकाराकडे थोडं दुर्लक्ष केलं तरी चालेल.

एका रात्रीत काय होणार, असं कोणी विचारलं तर त्याला हाकोनेच्याच इतिहासात उत्तर आहे. पूर्वी जपानमध्ये झऱ्यावर जाणं म्हणजे उपचाराला जाणं होतं. सात दिवसांचा एक फेरा, आणि दुखणं जुनं असेल तर असे तीन फेरे. शेतकरी आपले तांदूळ आणि भांडी घेऊन झऱ्यावर बिऱ्हाड थाटत. हाकोने मात्र एदो, म्हणजे जुनं टोकियो, आणि क्योटो यांना जोडणाऱ्या तोकाइदो या राजमार्गावर होतं. त्या रस्त्याच्या प्रवाशांनी अधिकृत मुक्कामाच्या गावांमध्ये उतरावं असा दंडक होता. पण घाट चढून दमलेल्या लोकांना युमोतोच्या गरम पाण्याशेजारी एक रात्र काढायची असे. गिऱ्हाईक पळतं म्हणून शेजारच्या ओदावारा गावाने तक्रार केली. १८०५ मध्ये प्रकरण सरकारदरबारी गेलं आणि निकाल युमोतोच्या बाजूने लागला: झऱ्यावर एका रात्रीचा मुक्काम करायला हरकत नाही. आज सगळ्या जपानमध्ये रुळलेली एका रात्रीची ओनसेन सहल या निकालाने मान्य झाली. ती सात दिवसांच्या उपचाराचा पर्याय नव्हती आणि आजही नाही. संधिवात बरा होईल, त्वचारोग जाईल अशा अपेक्षेने एका रात्रीसाठी जाऊ नये. ती मुळात वाटसरूच्या थकव्यावरची सोय होती, आणि परदेशात रोज पंधरा-वीस हजार पावलं चालणाऱ्या आपल्या पर्यटकाला नेमकी तीच हवी असते.

आता शरीराचं पाहू. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या संशोधकांनी २०१९ मध्ये या विषयावरचे पाच हजारांहून अधिक अभ्यास चाळले आणि निवडक अभ्यासांचा एकत्र विचार करून निष्कर्ष काढला. झोपण्याआधी एक ते दोन तास ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने, अगदी दहा मिनिटं जरी, अंघोळ केली तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते आणि तिची प्रतही सुधारते. यामागचं कारण जरा अनपेक्षित आहे. झोप येण्यासाठी शरीराचं आतलं तापमान खाली यावं लागतं. गरम पाण्यामुळे रक्त त्वचेकडे आणि हातापायांकडे धावतं, आणि पाण्याबाहेर आल्यावर तिथून आतली उष्णता भराभर बाहेर पडते. म्हणजे झोप येते ती पाण्यात शिरल्याने जितकी, तितकीच बाहेर येऊन निवांत बसल्याने. दुपारी दोन वाजता गरम पाण्यात वीस मिनिटं बसून लगेच बसमध्ये चढणाऱ्याला यातलं काय मिळेल? अंग सैल पडलेलं असतानाच त्याला पुढची रांग, पुढची गाडी आणि टोकियोच्या स्टेशनवरची गर्दी गाठते. यावर कोणी म्हणेल की मग हॉटेलच्या बाथरूममध्ये टब भरून घ्यावा, पाणी ते पाणीच. झोपेपुरतं हे खरं आहे, आणि ज्यांना खरंच वेळ नाही त्यांनी तसंच करावं. पण शहरातल्या हॉटेलात टबातून बाहेर आल्यावर उद्याची तिकिटं, कपडे धुणं, कुठे जेवायचं ही कामं आपली वाट बघत असतात. जपानी पद्धतीच्या निवासात, म्हणजे ऱ्योकानमध्ये, ती सगळी काढून घेतलेली असतात, आणि त्या रिकाम्या वेळात गरम पाण्याचा गुण खरा उतरतो.

ऱ्योकानचा दिवस कसा लावलेला असतो ते एकदा कळलं की हे चांगलं उमजतं. खोली बहुधा दुपारी तीनला मिळते आणि सकाळी दहाच्या सुमारास सोडायची असते. शक्यतो तीनलाच पोचावं. बूट दारात, अंगावर युकाता हा सुती झगा (डावी बाजू उजवीवर घ्यायची, उलटी घडी तिथे मृताला घालतात), एक कप हिरवा चहा आणि समोरचा गोड पदार्थ. तो पदार्थ खाऊनच पाण्यात उतरावं, कारण रिकाम्या पोटी गरम पाण्यात चक्कर येऊ शकते. पहिली अंघोळ चार-साडेचारला, जेवण सहा-साडेसहाला. जेवणानंतर निदान तासभर पाण्यापासून लांब राहावं. दुसरी अंघोळ नऊच्या आसपास, मग तातामी चटईवर घातलेल्या फुतोन गादीवर झोप, आणि तिसरी सकाळी सहा वाजता, न्याहारीच्या आधी. बऱ्याच ठिकाणी पुरुषांची आणि स्त्रियांची स्नानघरं रात्रीतून अदलाबदल करतात, म्हणून काल न पाहिलेली उघड्यावरची टाकी सकाळी आपल्या वाट्याला येते. दर वेळी पाण्यात दहा मिनिटं पुरे. फार वाटलं तर बाहेर काठावर बसून गार व्हावं आणि पुन्हा पाच मिनिटं उतरावं. तीन वेळा थोडं थोडं बसणं आणि मधल्या वेळात काहीही न करणं, असा हा सगळा बेत आहे. दिवसभराच्या भेटीत मधले तास कापले जातात, आणि माझ्या मते मौल्यवान तेच असतात.

सर्वांत मोठा आक्षेप वेळेचा. सहल आठ दिवसांची, त्यातला एक दिवस पाण्यात बसण्यात का घालवायचा? नकाशा उघडला तर हा आक्षेप बराचसा गळून पडतो. हाकोने टोकियोहून क्योटोच्या वाटेवर आहे, म्हणून मुक्काम करून पुढे गेलं तर परतीचा फेरा वाचतो. टोकियोतल्या शिंजुकूहून ओदाक्यू कंपनीची रोमान्सकार ही गाडी दीड तासाच्या आत थेट हाकोने-युमोतोला पोचवते. जपान रेल्वेचा पास या मार्गावर चालत नाही. युमोतोहून गोराला जाणारी डोंगरी रेल्वे १९१९ पासून धावते. चढ इतका उभा आहे की गाडी तीन ठिकाणी थांबून दिशा उलटते आणि वळणावळणाने वर चढते. जूनच्या मध्यापासून रुळांच्या दोन्ही अंगांना हायड्रेंजियाची फुलं असतात. त्या काळात खिडकीची जागा मिळवावी. मोठ्या बॅगा मात्र बरोबर घेऊ नयेत. टोकियोच्या हॉटेलातूनच त्या कुरिअरने क्योटोच्या हॉटेलवर पाठवता येतात, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतात, आणि आपल्याजवळ एका रात्रीची पिशवी उरते. पहिल्या दिवशी बोट आणि रोपवेच्या मागे लागू नये. दुसऱ्या दिवशी न्याहारी करून गोराहून केबल कार, मग रोपवेने ओवाकुदानी, तिथून सरोवर आणि बोट असा क्रम ठेवला तर टोकियोहून त्या सकाळी निघालेल्या गाड्या पोचायच्या आत आपण पुढे गेलेलो असतो. फुजी दिसण्याची शक्यताही भर दुपारपेक्षा सकाळी जास्त असते, हिवाळ्यात तर विशेषच. संध्याकाळपर्यंत बसने ओदावाराला उतरून शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडता येते, फक्त तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत. कोदामा थांबतात आणि काही हिकारी, तेव्हा वेळापत्रक आधी पाहावं.

खर्चाचं बोलायचं तर ऱ्योकान स्वस्त नाही आणि तसं भासवण्यात अर्थ नाही. मध्यम दर्जाच्या निवासाला माणशी वीस ते तीस हजार येन सहज लागतात. इथे अनेकांची फसगत होते, कारण जपानी निवासांचे दर बहुधा खोलीमागे नसून माणशी असतात. पण त्यात रात्रीचं साग्रसंगीत जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. वर ओनसेनचा कर येतो तो साधारण १५० येनच. चौघांच्या कुटुंबाला हे जड वाटत असेल तर जेवण नसलेला दर घ्यावा, किंवा छोट्या अतिथिगृहात राहावं, जिथे खोली साधी असते पण पाणी त्याच डोंगरातलं असतं. खर्च कमी करायचा तर खोलीवर करावा. रात्र वगळून तो कमी करू नये. शनिवारची रात्र सर्वांत महाग, रविवार ते गुरुवार त्या मानाने परवडणारं.

दुसरा अडसर लाजेचा, आणि तो खरा आहे. सार्वजनिक स्नानघरात पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या असतात, पण आत कपडे घालून जाता येत नाही, पोहण्याचा पोशाखही नाही. आपल्याकडे नदीवर किंवा कुंडावरही अंगावर वस्त्र ठेवूनच अंघोळ करण्याची रीत आहे, त्यामुळे संकोच वाटणं स्वाभाविक आहे आणि तो कोणी हसण्यावारी नेऊ नये. एवढं सांगता येईल की तिथे कोणी कोणाकडे बघत नाही, आणि हातातल्या छोट्या रुमालाने आडोसा करत चालण्याची तिथेही पद्धत आहे. तरीही मन घेत नसेल तर मार्ग आहेत. पुष्कळ ऱ्योकानांमध्ये पाऊण तासासाठी राखून ठेवता येणारं खासगी स्नानघर असतं, कुठे फुकट, कुठे थोडे पैसे घेऊन. नवरा-बायकोला किंवा लेकरांसह कुटुंबाला ते उत्तम. खोलीलाच जोडलेली टाकी असलेल्या खोल्याही मिळतात, पण महाग. युनेस्सन नावाच्या मोठ्या केंद्रात पोहण्याचा पोशाख घालून सगळ्यांना एकत्र पाण्यात जाता येतं. मुलं खूश होतात, मात्र तिथली गजबज पाहता आरामासाठी मी ते सुचवणार नाही. सार्वजनिक स्नानघरात जाणार असाल तर नियम थोडे आहेत पण कडक आहेत. पाण्यात उतरण्याआधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, केस बांधायचे, रुमाल पाण्यात बुडवायचा नाही, फोन आत न्यायचा नाही. गोंदण असलेल्यांना अनेक ठिकाणी मज्जाव असतो. ताजी मेंदी पाहूनही गैरसमज होऊ शकतो, तेव्हा लग्नानंतर लगेच जाणाऱ्यांनी खासगी स्नानघरच ठरवावं. दागिने खोलीतच काढून ठेवावेत; गंधकाच्या पाण्याने चांदी काळी पडते, आणि जोडवी-पैंजण पायात राहून गेलेले असतात.

तिसरा प्रश्न जेवणाचा, आणि शाकाहारी वाचकांसाठी तोच निर्णायक ठरतो. जपानी स्वयंपाकात मासा दिसत नसला तरी असतो. सूप, भाजी, सोबा शेवयांचा रस्सा, अगदी अंड्याचा पदार्थसुद्धा दाशी या पाण्यावर शिजतो, आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसापासून केलेलं असतं. म्हणून नुसतं ‘आम्ही शाकाहारी’ असं कळवून भागत नाही. मांस नाही, मासे नाहीत, माशाची दाशीही नाही, कोंबू या समुद्री शेवाळाची दाशी चालेल, अंडं चालतं की नाही, असं एकेक करून आरक्षणाच्या वेळीच लिहावं आणि होकार आल्याशिवाय पैसे भरू नयेत. ऐनवेळी सांगणं त्या स्वयंपाकघरावर अन्याय आहे, कारण तिथली दहा-बारा पदार्थांची तयारी आदल्या दिवसापासून चालते. काही ऱ्योकान नम्रपणे नाही म्हणतात. तो नकार प्रामाणिक असतो, तो मानून पुढची जागा पाहावी. बौद्ध मठांच्या परंपरेतून आलेलं शाकाहारी जेवण करून देणारे निवासही मिळतात. कांदा-लसूण आणि कंदमुळं वर्ज्य असणाऱ्या जैन मंडळींनी मात्र जेवण नसलेला दर घेऊन आपली शिदोरी नेलेली बरी. पांढरा भात सगळीकडे मिळतो. सोबत मेतकूट, लोणचं आणि दशम्या असल्या की रात्र निभावते.

प्रकृतीच्या बाबतीत सावधपणा हवा. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, ताप किंवा उघडी जखम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आई-बाबांना पाण्यातून झटकन उठू देऊ नका. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात, उभं राहताच दाब घसरतो आणि ओल्या दगडावर पाय सटकतो. त्यांना आधी पायांवर, मग खांद्यांवर पाणी ओतू द्यावं, छातीपर्यंतच बसवावं, आणि एकटं कधीही पाठवू नये. इन्शुलिन घेणाऱ्यांनी साखर खाली जाण्याची शक्यता लक्षात ठेवावी. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१४ मध्ये गरोदरपण हे निषिद्धांच्या यादीतून काढलं असलं तरी पहिली विचारपूस आपल्या डॉक्टरांकडेच करावी. दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी ओवाकुदानीच्या वायूंपासून लांब राहावं. तशी सूचना तिथे लावलेलीच असते. मद्य घेऊन पाण्यात जाणं सर्वांनाच घातक. आधी आणि नंतर पेलाभर पाणी प्यावं. संवेदनशील कातडीच्या लोकांनी आम्लधर्मी दुधाळ पाण्याऐवजी युमोतोचं सौम्य पाणी निवडावं, आणि आम्लधर्मी पाण्यात गेलंच तर शेवटी साध्या पाण्याने अंग धुऊन घ्यावं.

राहिला प्रश्न कधी जायचं याचा. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा जपानी सुट्ट्यांचा हंगाम, ऑगस्टच्या मध्यातले ओबोन सणाचे दिवस आणि नववर्ष टाळावं. आपल्या मेच्या सुट्टीतच जाणं भाग असेल तर दहा मेनंतरची तारीख धरावी. ऑक्टोबरच्या सुमारास सेंगोकुहाराचं माळरान रुपेरी गवताने भरतं, नोव्हेंबरात पानं लाल होतात, आणि दिवाळीची सुट्टी याच काळात येते. हिवाळ्यात उघड्यावरच्या टाकीचं सुख सर्वांत मोठं, कारण डोकं गार हवेत आणि अंग ऊबेत असलं की जास्त वेळ बसवतं. वयस्कर माणसांना मात्र थंड खोलीतून एकदम गरम पाण्यात जाणं याच दिवसांत बाधतं, म्हणून कपडे बदलायची खोली उबदार आहे ना, हे विचारून घ्यावं. टूर कंपनीबरोबर जात असाल तर पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा: हाकोनेत मुक्काम आहे की नुसती भेट, आणि मुक्काम असेल तर निवासात किती वाजता पोचणार. उत्तर संध्याकाळी सात असं आलं तर दुपार आणि पहिली अंघोळ दोन्ही गेली, आणि बऱ्याच ऱ्योकानांमध्ये त्या वेळी जेवणाची पानंही उचलायला घेतलेली असतात. तीन-चारला पोचवणारा बेत मागा. तो देता येत नसेल तर हाकोनेची ती एक रात्र मोकळी ठेवून घ्या, निवास स्वतः ठरवा आणि क्योटोला गटात परत सामील व्हा.